अंबाबाईशी अबोला

कोल्हापुरातल्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं तिने कळवलंय. पत्रातला मुख्य भाग असा:

"काकू, आमचं घर कुंभाराचं. लग्न होऊन आले तेव्हापासून गणपतीच्या कारखान्यात राबते आहे. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा चतुर्थीला महिनाही राहिला नव्हता. रंगून तयार झालेल्या मूर्ती डोळ्यांदेखत गेल्या. कर्ज काढून उभे राहिलो, तर २०२१ च्या जुलैत परत पाणी. ते कर्ज अजून फिटतंय. यंदा थोरला पोलीस भरतीत दोन मार्कांनी राहिला. आमचे मालक रात्री झोपत नाहीत, कारखान्यात दिवा न लावता बसून असतात. आत्याबाई म्हणतात, आई परीक्षा बघते आहे. चुलत जाऊ म्हणते, तुझा नवस राहिलाय त्याचं हे फळ. थोरला दहावी झाला की देवीला साडी नेसवीन आणि जोतिबाला पायी जाईन, असं बोलले होते. पैशापायी राहून गेलं. आता एकजण शांतीचे एकवीस हजार सांगतोय. वीस वर्षांत मी अंबाबाईचा शुक्रवार चुकवला नाही. कोरोनात मंदिर बंद होतं तेव्हा महाद्वाराबाहेरून हात जोडून आले. पण गेले पाच शुक्रवार गेले नाही. आषाढात ज्या पंचगंगेचं पाणी डोक्यावर घेऊन टेंबलाई देवीला वाहिलं, तिनेच श्रावणात घर बुडवलं. आम्ही देव घडवणारी माणसं. आमच्या गणपतीला स्वतःला वाचवता आलं नाही, तो आम्हाला काय वाचवणार? असं मनात येतं आणि लगेच स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. दुसरा पूर ओसरल्यावर वरच्या फळीवर गौरीचा एक मुखवटा तेवढा शाबूत सापडला. डोळे अजून लिहायचे होते. तो तसाच कपाटात ठेवलाय. काकू, माझी श्रद्धा संपली का? की मी पापी आहे?"

मला लेकीसारखी आहेस, म्हणून तुला तू म्हणते.

पत्र तीनदा वाचलं. पापी नाहीस, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना छातीवर दगड राहणार नाही. आणि श्रद्धा संपली म्हणशील, तर ज्याची श्रद्धा संपते तो चुकलेले शुक्रवार मोजत बसत नाही. त्याला शुक्रवार आला कधी आणि गेला कधी हे कळतही नाही. तू पाच मोजलेस. माझ्या मते तू देवीशी अबोला धरला आहेस. अबोला परक्याशी धरत नाही कोणी.

आपल्या गावाला हे मी सांगायला नको. टेंबलाईची गोष्ट तुझ्या आत्याबाईंनी तुला नक्की सांगितली असेल. त्र्यंबोलीने, म्हणजे आपल्या टेंबलाईने, दैत्याच्या तावडीतून देवांना सोडवलं, आणि विजयाचा सोहळा झाला तेव्हा तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली. गावाच्या पूर्वेला टेकडीवर जाऊन अंबाबाईकडे पाठ करून बसली. मग अंबाबाई काय म्हणाली? "माझी परीक्षा पुरी झाली नाही अजून" असं म्हणाली का? "रुसलीस, आता भोग फळं" म्हणाली का? ती स्वतः उठली आणि टेकडी चढून बहिणीच्या भेटीला गेली. आजही नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी लवाजम्यासकट टेंबलाईला जाते, कोहळा फुटतो, अख्खं गाव लोटतं. एवढं मोठं देवस्थान, एवढा मान, पण वर्षातला एक दिवस रुसलेल्या बहिणीच्या दारात जाण्यासाठी राखून ठेवलेला आहे. ज्या गावात रुसलेल्या देवीलासुद्धा देऊळ आहे, त्या गावच्या लेकीने देवीवर रुसल्याबद्दल स्वतःच्या तोंडात मारून घेऊ नये.

आत्याबाईंचं मन मी समजू शकते. "आई परीक्षा बघते आहे" हे त्या तुला टोचायला म्हणत नसणार. त्यांनीही तेच दोन पूर पाहिलेत आणि त्यांच्या हाताशी तेवढंच एक वाक्य आहे. पण मला ते वाक्य मान्य नाही. लेकराची माया किती आहे हे बघायला त्याच्या पुढ्यातलं ताट उलटं करणारी आई मी पाहिलेली नाही. जी मायमाउली म्हणून आपण ओटी भरतो, तिच्यावर असा आळ मी घेणार नाही. "होतं ते बऱ्यासाठीच" असंही तुला कोणी म्हणालं असेल. घरात गाळ आणि डोक्यावर कर्ज, यात बरं काय होतं?

आता नवसाचं. पूर का आला हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. धरणक्षेत्रात पाऊस कोसळला, धरणं भरली, भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी एकदमच फुगल्या आणि सगळ्यांचं पाणी पंचगंगेत आलं. शिवाय नदीला पसरायला जी जागा लागते, तिथे आपण माणसांनी भराव टाकले, इमारती उठवल्या. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी पातळीला आलं की उघडतात. कोणाच्या घरचा नवस राहिलाय, हे ते बघत नाहीत. त्या पुरात नवस फेडलेल्यांची घरं गेली आणि न फेडलेल्यांचीही गेली. प्रयाग चिखलीत, आंबेवाडीत घरंच्या घरं पाण्यात होती. तिथल्या सगळ्यांनी काय साड्या नेसवायच्या ठेवल्या होत्या?

साडी नेसवायचं तू बोललीस, कारण लेक शिकतोय याचा तुला आनंद झाला होता. हातात पैसे येतील तेव्हा त्याच आनंदाने नेसव. दंड भरल्यासारखी नेसवू नकोस. जोतिबाला पायी जायला तर पैसेही लागत नाहीत. ज्या दिवशी पाय आपणहून डोंगराकडे वळतील, त्या दिवशी जा. आणि ते एकवीस हजार देऊ नकोस. हे मी अगदी स्पष्ट लिहिते, जाऊबाईंना वाचून दाखवलंस तरी चालेल. घाबरलेल्या बाईला आणखी घाबरवून जो पैसे मागतो, तो तिला देवाच्या जवळ नेत नाही. कर्जात असलेल्या घराचे एकवीस हजार म्हणजे बँकेचे किती हप्ते, ते वहीत मांडून बघ.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य गणपतीचं आहे. त्याला स्वतःला वाचवता आलं नाही. यावर शास्त्राचं उत्तर आहे, आणि ते तुमच्या घरात कोणाला सांगायला नको. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मूर्ती ही मातीच. म्हणून तर मुकुटाला सोनेरी लावताना तुझे मालक मूर्तीच्या पाटावर पाय टेकवून उभे राहू शकतात आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. पण या उत्तराने तुझं समाधान होणार नाही, हे मला कळतं. डोळे लिहून झाले की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. ज्या घरात वर्षानुवर्षं ते डोळे उघडताना पाहिलेत, त्यांना ती नुसती माती कशी वाटेल? त्या रंगलेल्या रांगा पाण्यात बसताना तुम्ही पाहिल्यात.

मी एवढंच म्हणेन की गणपती विरघळतो हे कुंभाराच्या घराइतकं कोणालाच ठाऊक नाही. ज्याची प्राणप्रतिष्ठा झाली, आरत्या झाल्या, मोदक झाले, त्यालाही आपण दीड दिवसाने, पाचव्या दिवशी, नाहीतर अनंत चतुर्दशीला पाण्यातच नेऊन सोडतो. शाडूची मूर्ती पाण्यात टाकली की काही वेळात आधी रंग सुटतो, मग हात, मग सोंड. तरी पुढच्या वर्षी लवकर या म्हणून आपण परत येतो, आणि तुम्ही दिवाळीनंतर पुन्हा साचे पुसायला घेता. तो पाण्याला पुरून उरतो म्हणून आपण त्याला कधीच पुजला नाही. तो येतो म्हणून पुजतो. पुराने तुमची मेहनत नेली, भांडवल नेलं, वर्षाची भाकरी नेली. ते नुकसान खरं आहे आणि त्याचा हिशोब माणसांच्या जगातच मांडावा लागेल. पण त्या रात्री देव हरला, असं मला वाटत नाही.

तुमच्या समाजाचे संत गोरोबाकाका. त्यांची गोष्ट कीर्तनात नेहमी शेवटापासून सांगतात, मूल परत मिळालं तिथून. मला मात्र मधली ती आई आठवते. नवरा भजनात दंग होऊन चिखल तुडवतोय आणि पायाखाली तान्हं गेलंय. तिचा टाहो, तिचा नवऱ्यावरचा संताप, हे त्या कथेने लपवलेलं नाही. इतकी शतकं ती कथा भक्तीची म्हणून सांगितली जाते आणि त्यात ती संतापलेली बाई आहेच. तिला कोणी गोष्टीतून बाहेर काढलं नाही.

आता माझं सांगते, कारण मी उपदेश उंचावरून करत नाहीये. २००६ साली माझे यजमान गेले. आजार सहा महिन्यांचा. त्या सहा महिन्यांत मी काय काय केलं नाही! शुक्रवार केले, नरसोबावाडीला अभिषेक केले, पाठ केले, कोणी सांगेल ते केलं. ते गेले त्याच्या तेराव्यानंतर मी देवघराचं दार लावलं, ते चौदा महिने उघडलं नाही. सासूबाई बोलल्या नाहीत. माझी आई आली की स्वतः दार उघडायची, वात लावायची, पुन्हा लोटून घ्यायची. "तू नको बोलूस तिच्याशी, मी बोलते तोवर," एवढंच एकदा म्हणाली.

तेव्हा लोडशेडिंग फार असायचं. मुलीचं दहावीचं वर्ष. एका संध्याकाळी दिवे गेले, मेणबत्ती संपलेली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा भूमितीचा पेपर. मी देवघर उघडलं ते देवासाठी नाही, समईसाठी. आई काही महिने गावी होती, त्यामुळे समई काळी पडलेली, उरलेलं तेल राळेसारखं चिकट झालेलं. केसातल्या आकड्याने वाती खरवडून काढल्या, शेंगतेल ओतलं, पाचही वाती लावल्या आणि समई जमिनीवर ठेवली. मुलगी वही घेऊन बसली. मी भिंतीला टेकले. उजेड उघड्या देवघरात गेला आणि अंबाबाईचा टाक दिसला. त्याच्यावर धूळ होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "बघितलंस काय करून ठेवलंस ते?" मुलीने वर बघितलं. "कोणाला बोलतेस आई?" मी म्हटलं, अभ्यास कर. मग पदराने टाक पुसला.

चौदा महिन्यांत मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यात ना स्तोत्र होतं ना मागणं. पण तिथून बोलणं सुरू झालं ते आजवर थांबलेलं नाही. यजमान का गेले याचं उत्तर मला मिळालेलं नाही. मी ते आता मागत नाही असंही नाही, अधूनमधून मागते. फरक एवढाच पडला की त्या आधी मी तिच्यासमोर फक्त शहाण्या बाईसारखी उभी राहायचे. हात जोडलेले, डोळे मिटलेले, मनात यादी. आता जशी आहे तशी जाते. चिडलेली असले तर चिडलेली. तिलाही ते चालतं असं माझं मन सांगतं, आणि या बाबतीत मी माझ्या मनावर विश्वास ठेवते.

म्हणून जोरजबरदस्तीने सहावा शुक्रवार गाठू नकोस. लोक काय म्हणतील म्हणून रांगेत उभं राहायचं आणि आत मन मिटवून घ्यायचं, हे नको. घरी सांजवात लावावीशी वाटली तर लाव, नाही तर लेकाला लावू दे. तुझ्या वतीने काही दिवस आत्याबाईंनी बोललं तर चालेल. घरात एकाचा धीर सुटला की दुसऱ्याने धरायचा असतो, देवापाशीसुद्धा.

पुरात आत्याबाईंना पाठकुळी घेऊन बोटीपर्यंत नेणाऱ्या तालमीच्या पोराचं तू पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस, आणि "तो देवासारखा आला" असं म्हणून पुढे लगेच "पण देव नाही आला" असं खोडून लिहिलंस. त्या पोराचं श्रेय काढून मी देवाला देणार नाही. त्याचं स्वतःचं घर पाण्यात असेल आणि तरी तो तुमच्याकडे आला. पण तुझ्या हाताने पहिल्यांदा जे लिहिलं गेलं ते खोडायची घाई करू नकोस. राहू दे दोन्ही.

आता व्यवहाराचं थोडक्यात, आणि यातली पहिली गोष्ट लांबवू नकोस. मालक रात्र रात्र जागतात, अंधारात बसतात, हे नुसतं टेन्शन म्हणून सोडून द्यायचं नाही. त्यांच्याशी सरळ बोल. "जीव नकोसा होतो का?" असं विचारायलाही घाबरू नकोस, विचारल्याने वाईट विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. त्यांनी नाही केला तर आधी तू कर. डॉक्टरकडे नेलं म्हणजे देवावरचा भरवसा उडाला, असं होत नाही. "जीव नकोसा झालाय" असं ते म्हणाले, तर त्यांना एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

कर्जासाठी बँकेत जाऊन हप्ते वाढवून मागता येतात का ते विचार, तोंड चुकवू नका. २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना सुरू आहे, तिच्यात कुंभार आणि मूर्तिकार दोघेही येतात. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाख असं कर्ज मिळतं, अवजारांसाठी पंधरा हजार वेगळे. अर्ज सेवा केंद्रातून होतो. तुमच्या घरातल्या कोणाच्या नावावर बसतो ते तिथेच विचारून घे. थोरल्याबद्दल मला फारशी काळजी नाही. दोन मार्कांनी राहिलेला पोरगा पुढच्या भरतीत परत पळेल. त्याच्यासमोर नवसाचा विषय मात्र काढू नका. आपल्या आईच्या चुकीने आपण राहिलो, हे त्याच्या डोक्यात बसायला नको.

आणि माझं एक मागणं आहे. एखाद्या दुपारी, शुक्रवार नको, मालकांना घेऊन टेंबलाईला जा. नारळ नको, ओटी नको. आषाढात तू ज्या पायऱ्यांवर पाणी ओतलंस, त्यांच्यावर दोघं बसा. यात्रेतल्या पी ढबाक वाद्यांचा गलका नसतो तेव्हा टेकडीवर वारा छान असतो. पंचगंगेबद्दल जे बोलायचं असेल ते तिथे बोल, ती रुसलेली बहीण ऐकेल. अंबाबाईला काही निरोप द्यायचा नसेल तर देऊ नकोस. ललिता पंचमीला ती तिथे येणारच आहे.

कपाटातला तो मुखवटा घरी आल्यावर बाहेर काढ. मालकांना काम करा, कारखाना उघडा, असं काही म्हणू नकोस. रंगाची वाटी आणि बारीक कुंचला तेवढा शेजारी ठेव आणि म्हण, हिचे डोळे राहिलेत. आज नाही लिहिले तर राहू देत, कुंचला धुऊन उद्या परत ठेव. गौरी यायला अजून अवकाश आहे.